कर्णावर्ताची स्लाइड कशी वाचावी: हाडाच्या वेढ्यांपासून केसपेशींपर्यंत

आंतरकर्णाची स्लाइड हाती आली की बहुतेक विद्यार्थी लगेच 40 पटीचं भिंग लावून केसपेशी, म्हणजे ध्वनी टिपणाऱ्या पेशी, शोधायला लागतात आणि थोड्याच वेळात हरवतात. एकमेकींना चिकटलेल्या निळ्या केंद्रकांच्या गर्दीत कोणती पेशी कोणती, हे नुसत्या आकारावरून ओळखता येत नाही. ती ओळखायची जागेवरून. जागा कळायची तर आधी दिशा पक्की लागते, म्हणून सुरुवात नेहमी 4 पटीच्या भिंगाने करा आणि दिशा ठरेपर्यंत पुढे जाऊ नका. पुढे ध्वनीचा मार्ग समजून घेतानाही हीच दिशा उपयोगी पडते, कारण या अवयवात काय कुठे आहे यावरच ते काय करतं हे ठरतं.

आपण नेमकं काय कापलेलं बघतोय?

कर्णावर्त (कॉक्लिया) म्हणजे आंतरकर्णाचा ऐकण्याचा भाग: मधल्या खांबाभोवती गुंडाळलेली हाडाची नळी. गोगलगाईचा शंख टोकापासून बुडापर्यंत मधोमध उभा चिरला, तर खांबाच्या दोन्ही बाजूंना एकाच नळीची तोंडं एकावर एक रचलेली दिसतील. स्लाइडवर दिसतं ते हेच. माणसाच्या कर्णावर्तात अडीचच्या आसपास वेढे असतात, गिनीपिगच्या कर्णावर्तात सुमारे चार. म्हणून गिनीपिगच्या चांगल्या मध्यछेदात नळीची सात-आठ तोंडं मोजता येतात. शिकवण्याच्या स्लाइड बऱ्याचदा गिनीपिगच्या असतात त्याचं हे एक कारण.

ही सात-आठ तोंडं म्हणजे वेगवेगळे अवयव नाहीत. एकच नळी वेगवेगळ्या ठिकाणी कापली गेली आहे. बुडाकडचं तोंड उंच पट्टीच्या ध्वनीचं, टोकाकडचं खर्जाचं. माणसात बुडाशी सुमारे 20,000 हर्ट्झ आणि टोकाशी सुमारे 20 हर्ट्झ, अशी संपूर्ण ऐकण्याची पट्टी या एका छेदात खालून वर मांडलेली असते.

4 पटीचं भिंग: दिशा ठरवा

प्रथम मधला खांब, म्हणजे मोडिओलस, शोधा. तो स्पंजासारख्या हाडाचा असतो आणि त्याच्या गाभ्यातून श्रवणचेतेच्या तंतूंचा जुडगा वर चढताना दिसतो. हा जुडगा जिकडे जाड, तिकडे कर्णावर्ताचं बूड. जिकडे निमुळता, तिकडे टोक. स्लाइड उलटी-सुलटी कशीही ठेवलेली असली तरी ही खूण फसवत नाही. वहीत टोकाच्या दिशेने एक बाण काढून ठेवा.

मग कोणतंही एक तोंड निवडा. खांबातून आत शिरलेली हाडाची पातळ फळी दिसेल. खांबाला स्क्रूच्या आट्यांसारखी वेढत जाणारी ही फळी नळीची अर्धी रुंदी व्यापते. तिच्या टोकापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत ताणलेला पडदा म्हणजे बेसिलर मेम्ब्रेन. याच फळीच्या वरच्या अंगातून दुसरा, अतिशय नाजूक पडदा तिरका निघून बाहेरच्या भिंतीला टेकतो. तो रायस्नरचा पडदा. या दोघांमध्ये अडकलेली तिकोनी जागा म्हणजे स्कॅला मीडिया. तिच्या टोकाकडच्या अंगाला स्कॅला व्हेस्टिब्युली, बुडाकडच्या अंगाला स्कॅला टिम्पनी. प्रत्येक वेढ्यात हा क्रम तोच राहतो. परीक्षेत या दोन पोकळ्यांची नावं सर्रास उलटी लिहिली जातात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण टोकाचा बाण काढलेला नसणं हेच असतं.

स्कॅला व्हेस्टिब्युली आणि स्कॅला टिम्पनी टोकाशी एका भोकातून जोडलेल्या असतात. ते भोक, हेलिकोट्रेमा, छेद अगदी मधून गेला असेल तरच दिसतं. नाही दिसलं तर स्लाइड वाईट समजू नका.

10 पटीचं भिंग: तिकोनाच्या तीन भिंती

तिकोनी स्कॅला मीडियाची बाहेरची भिंत आधी बघा, कारण ती सगळ्यात ठळक असते. गडद रंगलेला, जाडसर पट्टा आणि त्याच्या आत चक्क रक्तकेशिका: हा स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस. अस्तरपेशींच्या थरात रक्तवाहिन्या शिरणं शरीरात फार क्वचित आढळतं. इथे त्या हव्यातच, कारण हा पट्टा कानाची बॅटरी आहे. त्यात पेशींचे तीन थर असतात: पोकळीकडच्या सीमापेशी, मधल्या रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी आणि मागच्या तळपेशी. मधल्या थरात तपकिरी कण दिसले तर ते मेलॅनिन. पांढऱ्या, म्हणजे रंगद्रव्यहीन गिनीपिगमध्ये ते दिसणार नाहीत. पट्ट्याच्या मागे सैल तंतुमय ऊतींची चंद्रकोर दिसते, ते स्पायरल लिगामेंट. बेसिलर मेम्ब्रेनचं बाहेरचं टोक यातच रोवलेलं असतं.

दुसरी भिंत रायस्नरच्या पडद्याची. ती फक्त दोन चपट्या पेशींच्या जाडीची असते, त्यामुळे या भिंगाखाली ती केंद्रकांच्या ठिपक्यांची एक रेघ वाटते. तिसरी भिंत बेसिलर मेम्ब्रेनची. त्यावर बसलेला उंचवटा म्हणजे ऑर्गन ऑफ कॉर्टी. आल्फोन्सो कॉर्टी यांनी त्याचं वर्णन 1851 मध्ये प्रसिद्ध केलं.

आता फळीच्या मुळाशी, खांबाच्या काठावर परत या. तिथल्या हाडाच्या पोकळीत मोठ्या, गोल, फिक्या केंद्रकाच्या आणि स्पष्ट केंद्रिका असलेल्या पेशींचा पुंजका दिसेल. हा स्पायरल गँग्लियन. इथल्या चेतापेशी द्विध्रुवी असतात: एक शेपूट केसपेशीकडे, दुसरं मेंदूकडे. सगळ्यात वरच्या वेढ्याशेजारी हा पुंजका सापडला नाही तर पेशी मेल्या असं लिहू नका. गँग्लियनची हाडातली पोकळी टोकापर्यंत पोचतच नाही. टोकाकडचे तंतू लांबून येतात.

40 पटीचं भिंग: ऑर्गन ऑफ कॉर्टी

इथे एकच खूण धरून चालायचं, ती म्हणजे बोगदा. उंचवट्याच्या मध्यभागी तिकोनी रिकामी जागा दिसते. दोन बाजूंनी एकमेकींवर कललेल्या खांबपेशींनी तिला कमान दिलेली असते. हा कॉर्टीचा बोगदा. तो मिळाला की बाकी सगळ्यांचे पत्ते आपोआप कळतात.

बोगद्याच्या खांबाकडच्या बाजूला, अगदी लागून, एकच केसपेशी असते. ही आतली केसपेशी. ती सुरईसारखी, मान बारीक आणि पोट फुगीर, केंद्रक मध्यावर. तिला चारही बाजूंनी आधारपेशींनी घट्ट वेढलेलं असतं.

बोगद्याच्या बाहेरच्या बाजूला साधारण तीन केसपेशी ओळीने दिसतात. या बाहेरच्या. माणसात टोकाकडे चौथी-पाचवी रांगही मिळू शकते. त्या नळकांड्यासारख्या सरळ असतात आणि केंद्रक तळाशी असतं. त्यांच्या कडेने रिकामी जागा सोडलेली असते आणि तळ डायटर्स पेशी या आधारपेशीच्या वाटीत टेकलेला असतो. डायटर्स पेशीचा एक बारीक देठ वर जाऊन पृष्ठभागावर पसरतो, पण तो एकाच छेदात पूर्ण मिळणं कठीण. त्यामुळे केंद्रकांच्या दोन रांगा दिसतात: वरची केसपेशींची, खालची डायटर्स पेशींची. मोजताना या दोन रांगांची गल्लत होऊ देऊ नका. डायटर्स पेशींच्या पलीकडे उंच हेन्सन पेशी आणि मग उतरत जाणाऱ्या क्लॉडियस पेशी आहेत.

केसपेशींवरचे केस मात्र साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या (नेहमीच्या निळ्या-गुलाबी रंगांच्या) पॅराफिन छेदात नीट दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. ते खरे केस नव्हेत, पेशीच्या पृष्ठभागावरचे अ‍ॅक्टिनने भरलेले ताठ दांडे आहेत. त्यांना स्टीरिओसिलिया म्हणतात. फार तर वरच्या कडेला गुलाबी झुपका दिसेल. तो दिसला नाही म्हणून पेशीची ओळख बदलत नाही. बोगद्यापासूनची जागा पुरेशी आहे.

या सगळ्यावर झाकणासारखा पसरलेला गुलाबी, पेशीविरहित पदर म्हणजे टेक्टोरियल मेम्ब्रेन. स्लाइडवर तो बहुतेक वेळा आक्रसून वर उचललेला दिसतो. जिवंत कानात तो तसा नसतो. बाहेरच्या केसपेशींचे सगळ्यात उंच दांडे त्यात रुतलेले असतात. चित्र काढताना डोळ्याला दिसतं तसंच काढा, पण बाजूला ‘आक्रसलेला’ अशी नोंद करा. ती नसेल तर ऐकण्याची पुढची यंत्रणा समजणारच नाही.

ध्वनीच्या मागोमाग स्लाइडवर चला

भिंग परत 10 पटीवर आणा आणि बोट ठेवत ठेवत ध्वनीचा मार्ग काढा.

हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. म्हणून मध्यकर्णाला दाब वाढवावा लागतो. कर्णपटलाचं उपयोगी क्षेत्रफळ सुमारे 55 चौरस मिलीमीटर, तर रिकिबीच्या (स्टेप्स, मध्यकर्णातल्या शेवटच्या हाडाच्या) तळव्याचं सुमारे 3.2. म्हणजे जवळपास 17 पट. हातोडा आणि ऐरण यांच्या तरफेने आणखी सुमारे 1.3 पट. दोन्ही मिळून साधारण 22 पट, म्हणजे 27 डेसिबलच्या आसपास दाब वाढतो. कर्णपटलाची स्लाइड असेल तर ती झटपट उरकता येते: बाहेर पातळ त्वचा, मध्ये कोलॅजनचे अरीय आणि वर्तुळाकार तंतू, आत मध्यकर्णाचं एकेरी अस्तर, एकूण जाडी सुमारे 0.1 मिलीमीटर.

रिकिबीचा धक्का स्कॅला व्हेस्टिब्युलीच्या द्रवाला बसतो. हा दाब गोल खिडकीच्या पडद्यावर मोकळा होतो. ती खिडकी स्कॅला टिम्पनीच्या बुडाशी असते. दोन पोकळ्यांमधल्या दाबाच्या फरकाने बेसिलर मेम्ब्रेन हलतं आणि त्यावर बुडाकडून टोकाकडे एक लाट धावते. उंच पट्टीची लाट बुडापाशीच जोरात उसळून विरते, खर्जाची टोकापर्यंत जाते. ही लाट गिऑर्ग फॉन बेकेशी यांनी मृत माणसांच्या कर्णावर्तात प्रत्यक्ष पाहिली. 1961 चं नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळालं.

बेसिलर मेम्ब्रेन उसळलं की ऑर्गन ऑफ कॉर्टी आणि टेक्टोरियल मेम्ब्रेन एकमेकांवर किंचित सरकतात, कारण दोघांच्या बिजागऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. तुम्ही 40 पटीच्या भिंगाखाली या दोन्ही बिजागऱ्या बघितलेल्या आहेत: ऑर्गन ऑफ कॉर्टीची हाडाच्या फळीच्या टोकाशी, टेक्टोरियल मेम्ब्रेनची त्या फळीच्या वरच्या अंगावरच्या उंचवट्यावर. या सरकण्याने दांडे वाकतात. शेजारच्या दांड्यांची टोकं अतिसूक्ष्म धाग्यांनी बांधलेली असतात. उंच दांड्याच्या दिशेने वाकलं की धागा ताणला जातो आणि आयन-मार्ग उघडतो.

उघडल्यावर आत शिरतं ते मुख्यतः पोटॅशियम. इतर बहुतेक पेशी सोडियमने उत्तेजित होतात. इथे तसं नाही, आणि त्याचं कारण तो गडद पट्टा. स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस स्कॅला मीडियातल्या द्रवात पोटॅशियम सुमारे 150 मिलिमोलरपर्यंत भरून ठेवतो आणि तिथे सुमारे अधिक 80 मिलिव्होल्टचा विभव (विद्युतदाब) टिकवतो. केसपेशीच्या आतला विभव उणे 50 ते उणे 70 च्या घरातला. म्हणजे दांड्याच्या त्या इवल्या दारावर 130 ते 150 मिलिव्होल्टचा दाब कायम उभा असतो. दार किलकिलं होण्याचाच अवकाश. रायस्नरचा पडदा इतका पातळ असूनही महत्त्वाचा का, हेही इथेच कळतं: तो फाटला तर पोटॅशियमने भरलेला आणि सोडियमने भरलेला असे दोन द्रव मिसळतात आणि बॅटरी बसते.

यानंतर दोन प्रकारच्या केसपेशींच्या वाटा वेगळ्या होतात. माणसाच्या एका कानात आतल्या सुमारे 3,500 आणि बाहेरच्या सुमारे 12,000. संख्या बाहेरच्यांची जास्त, पण श्रवणचेतेच्या सुमारे 30,000 तंतूंपैकी 90 टक्क्यांहून अधिक तंतू आतल्या केसपेशींकडे जातात. मेंदूला ऐकू येतं ते आतल्या पेशींमुळे. बाहेरच्या पेशी स्नायूचं काम करतात. त्यांच्या भिंतीतलं प्रेस्टिन हे प्रथिन विभव बदलताच आकार बदलतं, आणि पूर्ण पेशी ध्वनीच्या तालावर आखूड-लांब होते. त्या हालचालीने लाटेला जोर मिळतो. बाहेरच्या पेशी गेल्या तर साधारण 40 ते 60 डेसिबलचं ऐकणं जातं आणि जवळजवळचे स्वर वेगळे ओळखणंही अवघड होतं. त्यांच्या कडेला सोडलेली रिकामी जागा आता परत बघा. आखडायला आणि लांब व्हायला मोकळीक हवीच.

अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविकांनी आधी मरतात त्या बाहेरच्या पेशी, आणि सुरुवात होते बुडाच्या वेढ्यापासून. म्हणून अशा नमुन्यात खालच्या तोंडांपासून मोजणी सुरू करा. टोक शाबूत दिसलं म्हणजे कान शाबूत, असा अर्थ होत नाही.

स्लाइड स्वतः बनवायची असेल तर

मोठी अडचण अशी की कर्णावर्त शरीरातल्या अतिशय टणक हाडात बंद असतं आणि आतली ऊती मृत्यूनंतर काही तासांतच विरघळायला लागते. नुसतं हाड फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर द्रव आत पोचेपर्यंत उशीर होतो. रिकीब काढा, गोल खिडकीचा पडदा सुईने फाडा, टोकाला बारीक भोक पाडा आणि 10 टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन सुमारे अर्धा मिली, एक-दोन मिनिटांत, अगदी हलक्या हाताने आतून वाहू द्या. जोर लावला तर रायस्नरचा पडदा पहिल्यांदा फाटतो. मग पूर्ण तुकडा त्याच द्रवात 24 तास. हे काम हातमोजे घालून आणि धूर खेचणाऱ्या कपाटाखालीच करा.

हाड मऊ करण्यासाठी 10 टक्के ईडीटीए (कॅल्शियम बांधून काढणारं रसायन), पीएच 7.2 ते 7.4. पावडर लवकर विरघळत नसेल तर सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत पीएच चढवा. द्रव तुकड्याच्या किमान 20 पट घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी बदला. उंदराच्या कर्णावर्ताला काही दिवस पुरतात, गिनीपिगला दोन-तीन आठवडे धरा, माणसाच्या टेम्पोरल हाडाला (कवटीच्या कानाकडच्या हाडाला) कित्येक महिने लागतात. घाई असेल तर नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्ल वापरता येतं, पण केंद्रकं नीट रंगत नाहीत. या अवयवात केंद्रकांवरच सगळी ओळख अवलंबून असल्यामुळे हा सौदा परवडत नाही. हाड मऊ झालं का हे क्ष-किरणाने बघा. सुई खुपसून बघितलं की नेमकी ती वाट छेदात भोक म्हणून उतरते.

मेणात बसवताना मोडिओलसचा अक्ष कापण्याच्या पातळीला समांतर हवा. इथे काही अंशांची चूक झाली तरी वेढे तिरके कापले जातात आणि बोगदा लांबुळका दिसतो. छेद 5 ते 7 मायक्रॉनचे ठेवा. माणसाच्या पूर्ण टेम्पोरल हाडासाठी मेणाऐवजी सेलॉइडिनमध्ये बसवून 20 मायक्रॉनचे छेद घेऊन दर दहावा छेद रंगवण्याची जुनी पद्धत आहे. ती वेळखाऊ आहे, पण पडदे जागच्या जागी राहतात.

फसवणाऱ्या गोष्टी

रायस्नरचा पडदा एखाद्याच वेढ्यात तुटलेला असेल तर तो हाताळणीचा दोष. तो अखंड राहून वेढ्यामागून वेढ्यात स्कॅला व्हेस्टिब्युलीकडे फुगलेला असेल तर मात्र थांबा. ते मिनिएरच्या आजारात दिसणाऱ्या द्रववाढीचं चित्र असू शकतं.

पोकळ्यांमध्ये लाल रक्तपेशी दिसल्या तर बहुधा हाड उघडताना रक्त आत गेलेलं असतं. केसपेशी फुगलेल्या, फिक्या आणि कडा पुसट असतील तर फिक्सेशन उशिरा झालं. हाडावर समांतर चरे आणि शेजारच्या ऊतीत फाटे म्हणजे कॅल्शियम शिल्लक राहिलं.

काळसर-तपकिरी कण सगळीकडे, पेशींच्या बाहेरही विखुरलेले असतील तर ते मेलॅनिन नव्हे, आम्लीय फॉर्मॅलिनने तयार झालेला रंगकण आहे. ध्रुवीकृत प्रकाशात तो चमकतो, मेलॅनिन चमकत नाही.

त्याच स्लाइडवर युट्रिकल किंवा सॅक्युल (आंतरकर्णाचे तोल सांभाळणारे भाग) आलं असेल आणि वरच्या जिलेटिनच्या थरात खडे दिसत नसतील, तर तेही स्वाभाविक समजा. ते खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हाडातलं कॅल्शियम काढताना तेही विरघळतात.

आणि सगळ्यात घातक चूक: एका 5 मायक्रॉनच्या छेदात बाहेरच्या तीनऐवजी दोनच केंद्रकं दिसली म्हणून ‘एक पेशी नष्ट’ असं लिहिणं. पेशी सुमारे 8 ते 10 मायक्रॉन अंतरावर बसलेल्या असतात, त्यामुळे छेद दोन पेशींच्या मधून सहज जातो. सलग तीन-चार छेद बघितल्याशिवाय पेशी गेली असं म्हणू नका.

एक मोजमाप जरूर करा

नेत्रभिंगातली मोजपट्टी आधी मंचावरच्या मोजपट्टीशी जुळवा. मंचावरच्या पट्टीचा एक भाग 10 मायक्रॉनचा असतो. समजा 40 पटीच्या भिंगाखाली नेत्रभिंगाचे 100 भाग मंचावरच्या 25 भागांवर बसले, तर नेत्रभिंगाचा एक भाग 2.5 मायक्रॉन. भिंग बदललं की हे गणित नव्याने करा.

आता प्रत्येक वेढ्यात फळीच्या टोकापासून स्पायरल लिगामेंटपर्यंत बेसिलर मेम्ब्रेनची रुंदी मोजा. बुडाकडून टोकाकडे नळी अरुंद होत जाते, पण हा पडदा रुंद होत जातो. माणसात सुमारे 0.1 मिलीमीटरपासून 0.5 मिलीमीटरपर्यंत. हाडाची फळी त्याच प्रमाणात आखूड होत जाते. बुडाचा अरुंद, ताठ पडदा उंच पट्टीला आणि टोकाचा रुंद, लवचिक पडदा खर्जाला प्रतिसाद का देतो, हे तुमच्याच आकड्यांतून दिसेल. फक्त ज्या तोंडांत बोगद्याचा तिकोन नीट उभा आहे तीच मोजा. तिरक्या कापलेल्या तोंडांत रुंदी खरी असते त्याहून जास्त भरते.